नवऱ्याला व्हिसा दिलात, आता खातेही उघडू द्या

प्रति,
मा. अर्थमंत्री, भारत सरकार
(माहितीसाठी प्रत : मा. गृहमंत्री)

विषय : भारतीयांच्या परदेशी जोडीदारांचे बँक खाते

महोदया,

माझा नवरा परदेशी नागरिक आहे. आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, ३० दिवसांची नोटीस लागून, रीतसर झाले. व्हिसाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. एंट्री व्हिसाचा अर्ज ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ) घरबसल्या करता आला. आम्ही खरोखर एकत्र नांदतो का, याची पोलिसांनी चौकशी केली. करावीच, खोटी लग्नेही होतात. सी फॉर्म भरताना मात्र हसू आले. लॉजवाला परदेशी पाहुण्याची जी माहिती कळवतो, तीच मी माझ्या घरात राहणाऱ्या नवऱ्याची कळवली. असो.

गाडे अडले ते बँकेत.

काउंटरवरचा पहिला प्रश्न : आधार आहे? परदेशी नागरिकाला आधार मिळते ते आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर. मग लाइट बिल त्यांच्या नावावर आहे का? बिल माझ्या वडिलांच्या नावावर. मी रेसिडेन्शियल परमिटची, म्हणजे परदेशी नागरिकाच्या भारतातील वास्तव्य परवान्याची, प्रिंट पुढे केली. त्यावर नवऱ्याचा फोटो, पासपोर्ट क्रमांक आणि आमच्या घराचा पत्ता. साहेबांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "यावर गोल शिक्का नाही." ऑनलाइन निघणाऱ्या कागदावर शिक्का कोण मारणार?

घरी येऊन रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश वाचून काढले. अधिकृत कागदपत्रांच्या यादीत पासपोर्ट आहे, म्हणजे ओळखीचा प्रश्न मिटला. अडचण पत्त्याची. यादीत पुढे मतदार ओळखपत्र आणि रोजगार हमीचे जॉब कार्डही आहे. परदेशी माणसाला ही दोन्ही मिळणे शक्यच नाही. त्याच्यासाठी वेगळी सोय आहे : पासपोर्टवर पत्ता नसेल, तर त्याच्या देशाच्या सरकारी खात्याने दिलेली कागदपत्रे आणि इथल्या दूतावासाचे पत्र चालते. म्हणजे माझा नवरा माझ्या घरी राहतो, हे परक्या देशाच्या वकिलातीने सांगितले तर बँकेने मानायचे. भारत सरकारच्या गृह खात्याने चौकशी करून दिलेल्या परमिटचे मात्र त्या यादीत नाव नाही.

दुसरा घोळ खात्याच्या प्रकाराचा. एका शाखेत म्हणतात एनआरओ (अनिवासींसाठीचे रुपयांतले खाते), दुसरीत म्हणतात साधे बचत खाते. परकीय चलनाचा फेमा कायदा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आलेल्या माणसाला निवासी मानतो. लग्न करून घर मांडणे याहून ठोस इरादा कोणता? (संसार किती टिकेल, ते विचारू नका.) गंमत म्हणजे फिरायला आलेल्या पर्यटकाला सहा महिन्यांपर्यंत एनआरओ खाते उघडायची मुभा आहे. इथेच राहणाऱ्या जावयाला मात्र आधी आधार आणा, मग बघू.

आमचे त्यावाचून अडले असे नाही. नवरा माझ्या कार्डावर भाजी आणतो, त्याचा स्वाभिमान दुखावतो तेवढाच. पण हेच चित्र उलटे करून पाहा. परदेशातून लग्न होऊन आलेली बाई, सासर अनोळखी, भाषा नवी, हातातला प्रत्येक रुपया नवऱ्याच्या खात्यातून येणारा. माहेरहून कोणी पैसे पाठवले तरी तेही त्याच्याच खात्यात. उद्या संसार विस्कटला तर विमानाचे तिकीट काढायलाही त्याचीच परवानगी लागणार. ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ येण्या-राहण्याची मुभा देणारे कार्ड) अर्ज करायलाही नोंदणीनंतर लग्नाची दोन वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोवर तिने काय करायचे? अशा बाईला स्वतःच्या नावाचे खाते ही चैन नाही.

मागणी मोठी नाही, कायदा बदलावा लागणार नाही. जोडीदार म्हणून व्हिसा मिळालेल्यांचे रेसिडेन्शियल परमिट, विवाह नोंदणीच्या दाखल्यासह, पत्त्याचा पुरावा म्हणून धरावे असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट लिहावे. शिक्क्याऐवजी शाखेला ते ऑनलाइन पडताळता यावे. ती सोय गृह खात्याने करून द्यावी, म्हणून त्यांना प्रत पाठवली आहे. कोणते खाते उघडायचे, याचे एक परिपत्रक सगळ्या बँकांना जावे. आणि खाते नाकारायचे असेल तर कारण अर्जदाराच्या हातात लेखी द्यावे. तोंडी "नाही होणार, मॅडम" यावर पुढे दाद मागता येत नाही.

आपली,
एक करदाती