उंबरावरचा पोरगा

प्रिय छकुली,
प्रभूत सलाम.

तू झोपली आहेस. बॅग मीच भरली, आणि हे पत्र शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली ठेवते आहे. सकाळी एसटी स्टँडवर काही बोलणं व्हायचं नाही. माझा गळा दाटून येतो आणि तुझं लक्ष गाडीकडे असतं.

यंदा व्हीबीएसच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या, दहाही दिवस मी ड्यूटी बदलून घेतली, ती तुला शिकवताना बघायला. येशूला बघायला झाडावर चढलेल्या आणि येशू ज्याच्या घरी पाहुणा गेला त्या जक्कयाची गोष्ट सांगताना तू त्या मागे बसणाऱ्या, कुणाशी न बोलणाऱ्या पोराला चर्चच्या आवारातल्या उंबरावर चढवलंस. खाली उभी राहून म्हणालीस, "उतर रे लवकर, आज मी तुझ्याकडे जेवायला येणार." तो खरंच घाबरला. "आमच्याकडे नुसतं पिठलंय," म्हणाला. आणि तू संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन पिठलं-भाकरी खाऊन आलीस!

त्याच रात्री गच्चीवर तू म्हणालीस, "आई, इथं सगळं जमतं गं. पुण्याला गेले की प्रार्थनाच होत नाही." मग हॉस्टेलवरच्या त्या मुलीनं विचारलेलं सांगितलंस, तुमच्या लोकांना ख्रिस्ती व्हायला किती पैसे मिळाले म्हणून. तेव्हापासून तू आडनावावरून कुणी काही विचारलं की विषय बदलतेस. मी तेव्हा गप्प बसले. ते गप्प बसणं महिनाभर टोचत राहिलं.

पैसे नाही मिळाले, बाळा. भाकरी मिळाली. 1899-1900 च्या दुष्काळात माझी पणजी, म्हणजे तुझी खापरपणजी, सहा-सात वर्षांची असताना नगरच्या मिशनमध्ये आली. आई-बाप वाटेतच गेले होते. तिला आधी खायला घातलं, मग अंगावर कापड दिलं, मग पाटी दिली. म्हातारपणी ती सांगायची म्हणे, की येशूचं नाव कळायच्या आधी मला त्याच्या घरातली भाकरी कळली. यात लपवण्यासारखं काय आहे? भुकेल्या पोरीला जेवू घातलं, आणि जेवू घालणाऱ्याचा देव तिला आपला वाटला. पुढे ती स्वतः शिकवायला लागली. नगरच्या मिशनला शिकवण्याचा वारसाच होता. तुझ्या पुण्यातल्या सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला नगरलाच मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या. तू त्याच रस्त्यानं उलटी निघाली आहेस. आता कुणी विचारलं तर भाकरीचं सांग. रागानं नको, नीट बसून सांग.

आणि प्रार्थना. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मिरजेला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी माझीही बंद पडली होती. वॉर्डात एक लहान मूल गेलं, त्यानंतर डोळे मिटले की शब्दच येईनात. रविवारी उपासनेला बसायचे, पण ओठ तेवढे हलायचे. घरी पत्र लिहिताना मात्र सगळं छान आहे असं लिहायचे. सात-आठ महिने असेच गेले.

मग नाइट ड्यूटीला एक वारकरी आजी होत्या, ऑपरेशन झालेल्या. पहाटे अभंग म्हणायच्या, अगदी हळू, शेजारचे जागे होऊ नयेत म्हणून. एकदा मला म्हणाल्या, "पोरी, तुझ्या देवाचं एखादं म्हण की." मी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं, आण्णांनी लहानपणी शिकवलेलं. चाल ओळखीची निघाली. आजी कॉटच्या कडेवर बोटांनी ठेका धरून ऐकत होत्या आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्या पहाटे मीही त्याच पुलावरून परत आले.

म्हणून तुला प्रार्थना होत नाही याची मला भीती वाटत नाही. मला लपवू नकोस, एवढंच. नसेल होत तर फोनवर सांग, "आई, आज नाही झाली." रात्री नऊला आम्ही दोघं बसतो तेव्हा तुझ्या वाटचं आम्ही म्हणू.

पापड वरच्या कप्प्यात आहेत. छत्री बाहेरच ठेवली आहे, शिरूरच्या पुढे पाऊस लागेल असं बाबा म्हणतात.

उंबरावरचा पोरगा काल फाटकापाशी येऊन गेला. ताई परत कधी येणार, विचारत होता. नाताळला, असं सांगितलं. आईला सांगून ठेवतो म्हणाला, तेव्हा पिठलं नको करू म्हणून.

तुझी,
आई