खोल समुद्रातल्या यंत्राचे सुटे भाग आम्हालाही करू द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या माणसाने खोल समुद्राविषयी आपल्याला पत्र लिहावं, हे जरा विचित्र वाटेल. आम्हाला समुद्र बघायचा तर गगनबावडा नाहीतर आंबा घाट उतरावा लागतो. आमची पाण्याची खोली राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते: ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. पण मी उद्यमनगरात लेथ आणि सीएनसी मशीनवर जॉबवर्क करतो, त्यामुळे समुद्रयानाची, म्हणजे माणसांना सहा हजार मीटर खोल समुद्रात उतरवायच्या मोहिमेची, बातमी आली की माझा पहिला प्रश्न असतो, यातले भाग कोण करतंय?

बातम्यांत 'मत्स्य ६०००' ही त्यासाठीची पाणबुडी असते. तीन माणसं बसतील असा २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, ८० मिलिमीटर जाडीची भिंत. हे जमवणाऱ्यांना माझा सलाम. ८० मिलिमीटर टायटॅनियमचं वेल्डिंग काय चीज आहे हे आमच्यासारख्याला वेगळं सांगायला नको. मात्र खोल समुद्रातलं रोजचं काम माणूस बसवलेल्या पाणबुडीने होत नाही. ते होतं आरओव्हीने, म्हणजे जहाजाला केबलने बांधलेल्या, वरून चालवायच्या बिनमाणसाच्या यंत्राने. समुद्राच्या पाण्यातून रेडिओ लहरी खोलवर जात नाहीत, म्हणून वीजही केबलमधून आणि कॅमेऱ्याचं चित्रही केबलमधूनच. मत्स्यची नेहमीची क्षमता १२ तासांची, त्यातले कित्येक तास उतरण्याचढण्यातच जातात. आरओव्हीला वीज जहाजावरून मिळते, त्यामुळे बॅटरी संपण्याची धास्ती नाही. वर चालक पाळी बदलतात, खाली यंत्र काम करत राहतं.

आणि यंत्र गेलं तर यंत्रच जातं. जपानचं 'कायको' १९९५ साली मरियाना गर्तेच्या तळाला टेकलं आणि २००३ साली केबल तुटून समुद्रात हरवलं. अमेरिकेचं 'नेरियस' २०१४ साली न्यूझीलंडजवळच्या कर्माडेक गर्तेत सुमारे ९,९०० मीटरवर फुटलं. शास्त्रज्ञांना वाईट वाटलं, पण कुणाच्या घरी सुतक आलं नाही. २०२३ साली 'टायटन' पाणबुडीत पाच माणसं गेली, तेव्हा तळाशी तिचे अवशेष सापडले तेही एका आरओव्हीच्या कॅमेऱ्यातच.

आपल्याकडे असं यंत्र आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं 'रोसब ६०००' २०१० साली मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल उतरलं होतं. त्याच महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळ आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने भारताला शोधकार्यासाठी दिलेला आहे. तिथे बटाट्याएवढे खनिजगोटे पसरलेत, त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. हे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. ते उचलायची घाई करणाऱ्यांनी आधी तिथे काय जगतंय ते कॅमेऱ्याने नीट पाहून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढा तळ एकदोन यंत्रांनी पाहून होणार नाही. यंत्रं जास्त हवीत, आणि त्यांचे सुटे भाग देशातल्या देशात, आठवड्याभरात मिळायला हवेत. भर समुद्रात उभ्या संशोधन जहाजाचा एकेक दिवस किती महाग पडतो, हे आपण जाणताच.

इथे कोल्हापूरचा संबंध येतो.

आरओव्ही म्हणजे सगळं जाडजूड टायटॅनियम, असा समज आहे. तसं नाही. मोटारी आणि जोडपेट्या (वायरी जिथे जोडतात त्या पेट्या) तेलाने भरतात आणि आतला दाब बाहेरच्या दाबाइतका ठेवतात. मग भिंत जाड लागत नाही. तरंगण्यासाठी लागतो तो काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांचा, इपॉक्सीत बसवलेला फोम. जाड भिंतीची नळकांडी लागतात ती मुख्यतः कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी. सहा हजार मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६०० किलो भार येतो, आणि तो अडवायचा असतो झाकणाच्या खोबणीत बसलेल्या एका रबरी ओ-रिंगने. गंमत अशी की खोल गेल्यावर ओ-रिंग उलट घट्ट बसते, दाबच तिला फटीशी नेऊन चेपतो. गळती बऱ्याचदा वरच्या वर, उथळ पाण्यातच होते. खोबणीत टूलची आडवी रेघ राहिली, ग्रीसमध्ये डोक्याचा एक केस चिकटला, की पाणी आत. म्हणजे सगळा खेळ बोअरच्या फिनिशचा आणि मायक्रॉनमधल्या मापाचा आहे.

हे काम आमचं आहे, महोदय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्री आणि मशीनशॉप इंजिन, पंप, व्हॉल्व्हचे भाग वर्षानुवर्षं करत आलेत. बढाई मारत नाही. टायटॅनियम ओतायला निर्वात भट्टी लागते, बिडाच्या भट्टीत ते ओतता येत नाही. त्याचं मशिनिंगही नखरेल: उष्णता पटकन वाहून नेत नाही, टूलची धार जाळतं, बारीक बुरादा पेट घेऊ शकतो. पण तयार दांडा दिलात तर नळकांडं, झाकण, यांत्रिक हाताचे सांधे, थ्रस्टरचे (यंत्राला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्यांचे) भाग हे सगळं इथे होऊ शकतं.

अडतंय ते तपासणीपाशी. व्हॉल्व्हची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, आम्हाला पाठ आहे, पण त्यात दाब आतून बाहेर द्यायचा असतो. इथे दाब बाहेरून आत येतो, त्यासाठी अख्खा भाग दाबटाकीत ठेवावा लागतो. अशी टाकी लहान कारखानदार स्वतःच्या पैशाने उभी करू शकत नाही. तपासणी नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून टेंडर भरता येत नाही. त्यात मागच्या तीन वर्षांत असंच काम केल्याचा पुरावा मागितला, की विषय संपला. नव्या माणसाने तो आणायचा कुठून?

म्हणून माझी मुख्य मागणी पैशाची नाहीच. चेन्नईच्या संस्थेकडे दाबटाकी आहे. वर्षातले काही ठरलेले दिवस ती लहान उद्योगांसाठी खुली ठेवा, वाजवी फी घ्या. आरओव्हीच्या ज्या भागांत गुपित असं काही नाही, त्यांची ड्रॉइंग मोकळी करा: माप, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), ॲनोडायझिंग (अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर), कुठल्या धातूशेजारी कुठला बोल्ट चालेल, सगळं. (अॅल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट मधे काही न घालता लावला तर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, हे इथल्या पोरांना सांगावं लागेल, आमच्याकडचं पाणी गोडं.) जो भाग टाकीतून पास होईल, तोच त्याचा अनुभवाचा दाखला समजा. नापास झाला तर का झाला, हे मात्र लेखी कळवा. नुसतं 'रिजेक्टेड' असा शिक्का मारून परत आलेल्या पेटीतून कुणीच काही शिकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पूर्णपणे आपल्या खात्यातली नाही. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी अशी धरणं आमच्या उशाला आहेत. धरणाच्या पाण्यातल्या भिंती, दरवाजांच्या खाचा पाहायला लहान आरओव्ही उत्तम चालतात. शंभर मीटरसुद्धा खोली लागत नाही. जलसंपदा खात्याशी बोलून अशा यंत्रांची मागणी निघाली, तर आमच्या मशीनशॉपना पहिली पायरी मिळेल आणि शिवाजी विद्यापीठाच्या नि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मुलांना चालकाचा हात बसवता येईल. थेट सहा हजार मीटरवर कोण उतरतो?

खोल समुद्र मोहिमेला २०२१ साली पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. पुढच्या टप्प्याच्या कागदांत सुट्या भागांच्या स्थानिक पुरवठादारांसाठी एक पान ठेवावं, एवढी विनंती. सुरुवातीला एखाद्या कॅमेरा-नळकांड्याचं ड्रॉइंग पाठवा. नमुना आम्ही आमच्या खर्चाने करू, टाकीची तारीख तेवढी आपण द्या.

आपला,
उद्यमनगरातील एक मशीनशॉपवाला
कोल्हापूर