नाइस म्हणजे काय रे?

पुणे, रविवार

प्रिय वशा,

सहा महिने पत्र नाही, शिव्या नंतर घाल. तब्येत ठीक. साखर गोळ्यांवर, गुडघा देवाच्या भरवशावर.

कारण आमची मनू. काल ऑफिसातल्या एका मुलाला घरी आणलंन. तो गेल्यावर कप उचलता उचलता म्हणाली, "बाबा, ही इज नाइस." बस्स! आमच्या हिला वाटतं, ठरलंच. मला झोप नाही. हवा नाइस, शर्ट नाइस, पोहे नाइस, आणि जावईही नाइस?

रात्री उठून ती जाडी डिक्शनरी काढली. (हो, तुझीच. 'मी नेली नाही' म्हणालो होतो ते खोटं.) तर मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे काही न कळणारा. इंग्रजीत आला तेव्हा सरळ अर्थ मूर्ख! मग नखरेल, मग चोखंदळ, मग बारीक. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे केसाएवढा फरक. 'छान' व्हायला अठरावं शतक उजाडलं. आणि १८१७ साली आलेल्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत जेन ऑस्टिनचा हेन्री टिल्नी चिडवतोच आहे: दिवस नाइस, फिरणं नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस!

आपला 'शहाणा' मात्र उलट्या वाटेने गेला. बर्वे सर तुला 'या, शहाणे' म्हणायचे ते कौतुकाने नव्हे, एवढं आता मान्य कर.

मुलगा वाईट नाही रे. साखर भुरभुरलेलं बिस्किट चहात बुडवलं, अर्धं आत पडलं. इकडेतिकडे न बघता चमच्याने काढून खाल्लं. त्या बिस्किटावरही नाइसच छापलेलं! 'त्याचा उच्चार नीस, फ्रान्समधल्या गावासारखा' म्हणून तू कँटीनमध्ये आठवडाभर अबोला धरला होतास. मी अजून नाइसच म्हणतो.

सकाळी मनूला विचारलं, "म्हणजे बरा आहे ना?" तर रुसली. तुमच्या गोव्यात 'बरो' म्हणजे खरोखर चांगला. आमच्याकडे 'बरा' म्हणजे पस्तीस मार्कांना पास. दुपारपासून बोलत नाहीये. आता दुसरा शब्द कुठला वापरू? 'चांगला' म्हणालो तर होकार दिल्यासारखं होतं.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? घराची कौलं? चतुर्थीनंतर येऊन जा, मुलाला बघ आणि मला मराठीत सांग.

तुझा,
बाळ्या

ता. क. डिक्शनरी मागू नकोस. 'एन'ची पानं सुटली आहेत.