मूठभर तांदूळ आणि आपली मार्चची सभा

ऐझॉल,
१२ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि आई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा, तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता. आई, तू भाजी काय केली ते विचारतेस, आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहिते आहे. बाबा, मोठ्यानं वाचा, म्हणजे आईला पोळ्या लाटता लाटता ऐकू जाईल.

काल इथे मिशनरी दिन होता. ११ जानेवारी १८९४ ला लॉरेन आणि सॅव्हिज नावाचे दोन इंग्रज तरुण होडीतून सायरंगला उतरले, त्या दिवसाची आठवण. एरवी मिझोराम राज्यभर सुट्टी असते. यंदा रविवार आल्यानं ती बुडाली, आणि ऑफिसात सगळ्यांनी त्याची मनापासून हळहळ केली. सायरंगला आता रेल्वेही आली आहे, गेल्या सप्टेंबरात. तुम्ही याल तेव्हा तिथपर्यंत गाडीनं या, पुढे मी घ्यायला येईन.

त्या दोघांना लीड्सच्या आर्थिंग्टन नावाच्या एका धनवंतानं पाठवलं होतं. माणूस गडगंज, पण राहायचा असा की लोक त्याला कंजूष म्हणायचे. पैसा सगळा ठेवला होता ज्यांच्यापर्यंत कोणीच पोहोचलं नाही अशा लोकांसाठी. लॉरेन आणि सॅव्हिज इथे चार वर्षं राहिले. मिझो भाषा शिकले, तिला रोमन लिपी बसवली, लूक, योहान आणि प्रेषितांची कृत्यं भाषांतरित केली आणि १८९७ च्या अखेरीस निघून गेले. तोवर एकाचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता. पहिले दोन झाले १८९९ मध्ये, मागून आलेल्या वेल्श मिशनऱ्याच्या वेळी. आपल्या चर्चच्या कमिटीपुढे हा अहवाल आला असता तर काय शेरा पडला असता, बाबा, तुम्हीच सांगा.

पण मला खरं सांगायचंय ते आमच्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातलं. मी त्यांना 'पी' म्हणते, इथे मोठ्या बायकांना तसंच म्हणतात. साठी उलटलेली, नवरा गेलेला, हिंदी तोडकंमोडकं. इथे भात दोन वेळा, सकाळी नऊच्या सुमारास आणि संध्याकाळी दिवस मावळताना. पी मापानं तांदूळ पातेल्यात ओततात, मग त्याच पातेल्यात हात घालून एक मूठ परत काढतात आणि चुलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. मग तांदूळ धुतात. आधी वाटलं, माप जास्त झालं असेल. पण रोज दोन्ही वेळा तेच, आणि तेही बोलता बोलता, डब्याकडे न बघता. आपण दाराशी चपला काढतो ना, तितक्या सवयीनं.

याला बुहफाई थाम म्हणतात, मूठभर तांदूळ. शंभराहून जास्त वर्षं मिझो मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका हे करताहेत. मंडळीतल्या बायका येऊन डबे रिकामे करतात, तो तांदूळ विकतात, पैसे मंडळीच्या आणि मिशनच्या कामाला जातात. बरीच घरं आता तांदळाऐवजी रोखच देतात. पींना ते पटत नाही. पैसे दिल्यावर पोट थोडं कमी भरत नाही, असं काहीसं त्यांचं म्हणणं असावं. माझ्या हिंदीला आणि त्यांच्या हिंदीला तेवढंच जमलं. बाबा, तुम्ही कर्मवीर अण्णांच्या मुष्टिफंडाबद्दल किती वेळा सांगितलं आहे! दारोदारच्या मुठीवर पोरांची वसतिगृहं चालली. इथे त्याच मुठीवर माणसं डोंगर उतरून परप्रांतात जातात, परकी भाषा शिकतात आणि तिथेच म्हातारी होतात. पींची भाची गेली आहे. कुठे ते लिहीत नाही. तुम्हाला आलेलं पत्र किती जणांच्या हातून फिरतं ते मला ठाऊक आहे.

तर काल उपासनेहून आल्यावर चहा पिताना पींनी सहज विचारलं, "तुमची मंडळी कोणाला पाठवते?"

मी सांगायला लागले की आमची मंडळी जुनी आहे, घंटा अमेरिकेहून आलेली, नाताळची फेरी, उपकारस्तुतीचा लिलाव. पी ऐकत होत्या, मान डोलावत होत्या. मी थांबले तरी त्या थांबून होत्या. त्यांना अजून उत्तर मिळालंच नव्हतं.

आता नोव्हेंबरच्या सभेचं. आईनं मला सांगितलं आहे, तिच्यावर रागावू नका. आपल्या आळीतल्या मावशींचा धाकटा आणि त्याची नर्स बायको. दोघांनी अर्ज दिला होता की मंडळीनं आम्हाला मिशनरी म्हणून पाठवावं, तिकडे थंडीच्या डोंगरात, जिथल्या लोकांच्या भाषेत शुभवर्तमानाचं एक पानही नाही. खजिनदार म्हणून तुम्ही उभे राहिलात, तीन गोष्टी बोललात आणि अर्ज 'पुढील विचारार्थ' गेला. आपल्याकडे त्या शब्दांचा अर्थ काय होतो ते मला शिकवायला नको.

पहिली गोष्ट तुम्ही म्हणालात, आधी घरचं बघा, नगरात काय सगळे तारले गेले? बाबा, नाही गेले. पण तुमच्या शेजारच्या वकीलकाकांना येशूबद्दल ऐकायचं असेल तर त्यांना कुंपणावरून हाक मारली की पुरे. मराठीत पवित्र शास्त्र आहे, दोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आहेत, ज्ञानोदय हे आपलं ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासून आहे. काका ऐकून नको म्हणतात, तो त्यांचा अधिकार. 'सुवार्ता न पोहोचलेले' म्हणतात ते वेगळे. ज्या लोकगटात स्वतःच्या माणसांना आपल्या भाषेत सांगू शकेल एवढी मंडळीच नाही, ते. अभ्यासकांनी त्याला मोजमाप ठरवलं आहे, सुवार्तावादी, म्हणजे सुवार्ता सांगण्यावर भर देणारे, ख्रिस्ती दोन टक्क्यांहून कमी आणि एकूण ख्रिस्ती पाच टक्क्यांच्या आत. असे लोकगट जगात सात हजारांच्या आसपास धरतात आणि सगळ्यात जास्त आपल्याच देशात आहेत. मोजणीवर वाद घालता येईल, जातवार मोजलं की आकडा फुगतो, हे मलाही कळतं. आकडा अर्धा करा. जगात भाषा सात हजारांच्या वर आणि पूर्ण पवित्र शास्त्र आहे ते साडेसातशेच्या आसपास भाषांत. तरी मिशनरी म्हणून बाहेर पडणारे बहुतेक जण जातात कुठे, तर जिथे मंडळी आधीच उभी आहे तिथे. पाणी भरलेल्याच हौदात पडतं आहे.

आणि 'आधी घरचं' हे अंत्युखियाच्या पहिल्या मंडळीला कोणी सांगितलं असतं तर? प्रेषितांची कृत्यं, तेरावा अध्याय. तिथे पाच जणांची नावं आहेत: बर्णबा, शिमोन ज्याला निग्र म्हणत, लूक्य कुरेनेकर, मनाएन आणि शौल. त्या पाचांतून त्यांनी दोघे दिले, आणि तेही उरलेसुरले नाहीत, बर्णबा आणि शौल! (मला लहानपणी कुरेनेकर हे आपल्यातलंच आडनाव वाटायचं, आठवतं?) अंत्युखियात तेव्हा सगळे तारले गेले होते का?

आपलंही तसंच आहे. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. अर्ज-विनंत्या करून ते राहिले. हॉल मराठी शिकले, रस्त्यावर उभे राहून बोलू लागले. १८२६ साली नाशिकच्या बाजूला गेले असताना पटकीनं गेले, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. फळ म्हणावं तर जेमतेम. नगरला मिशनचं ठाणं झालं ते १८३१ मध्ये, त्यांच्या मागून. सिंथिया फॅरारबाई नगरच्या मुलींना शिकवत होत्या, त्यांची शाळा बघून जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचं आलं, हे तर तुम्ही दरवर्षी ३ जानेवारीला सगळ्यांना ऐकवता. बाबा, त्या बाई अविवाहित, एकट्या, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरकडल्या. त्यांच्या गावातही कोणी खजिनदार असणारच.

दुसरी गोष्ट काळाची, की दिवस धोक्याचे आहेत. ही मला हसण्यावारी नेता येत नाही. आई, तू म्हणालीस तुला रात्री स्टेन्सबाई आठवतात. १९९९ चा जानेवारी, ओडिशातलं मनोहरपूर, गाडीत झोपलेला मिशनरी नवरा आणि दोन लेकरं जाळली, आणि ती बाई क्षमा केली म्हणाली, बारीपदाच्या कुष्ठरोग्यांमध्ये पुढेही राहिली. मी तेव्हा शाळेत होते, तू वर्तमानपत्र लपवून ठेवलं होतंस. तुला भिऊ नकोस असं मी कोणत्या तोंडानं सांगू? बाबांनी सभेत अंदमानातल्या सेंटिनल बेटावर जाऊन मारल्या गेलेल्या अमेरिकन पोराचं, जॉन चाऊचं, उदाहरण दिलं. २०१८ चं. त्याबाबत मी बाबांच्या बाजूनं आहे. कायदा मोडून, कोणाची भाषा न जाणता, ज्यांना आपल्या साध्या सर्दीनंही मरण येऊ शकतं अशांच्या किनाऱ्यावर चोरून उतरायचं, याला मी पाठवणं म्हणत नाही. त्याच्यामागे प्रार्थना करणारे होते, तरीही.

पण मावशींचा धाकटा तसा जात नाहीये. तो आधी दोन वर्षं भाषा शिकणार आहे. ती नर्स आहे, तिथे नर्स लागते, आणि जो येईल त्याची मलमपट्टी ती करणार, त्यानं गळ्यात काहीही घातलेलं असो. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा काही त्या हक्काचा भाग नाही. कित्येक राज्यांत त्यावर वेगळे कायदे आहेत. दोघांनी ते वाचावेत, मंडळीनं वकीलकाकांनाच फी देऊन समजावून घ्यावेत. माझं मत विचाराल तर औषधाच्या बाटलीला पत्रिका चिकटवायची नाही, शाळेच्या फीच्या बदल्यात नाव बदलायला लावायचं नाही. कायद्याच्या भीतीनं नव्हे. असं घेतलेलं नाव येशूच्या काय कामाचं? बिशप अझरायांनी, तेव्हा ते बिशप नव्हते, १९१० साली एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत भर सभेत गोऱ्या मिशनऱ्यांना सुनावलं होतं: तुम्ही गरिबांना दान दिलंत, देह जाळायला दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. आणि हे बोलणारा माणूस स्वतः तमिळ मुलूख सोडून तेलुगू दोर्नकलला जाऊन राहिला होता, तिथली भाषा शिकून. त्यांच्या तिरुनेलवेलीच्या लोकांनी १९०३ मध्येच स्वतःची मिशनरी संस्था काढली होती, विलायतेच्या पैशाची वाट न बघता. शंभर वर्षं उलटली, आपण अजून अमेरिकेहून आलेली घंटा पाहुण्यांना दाखवतो.

तिसरी गोष्ट पैशाची, ती लवकर संपते. आपली एकशे चाळीस कुटुंबं. घरटी महिन्याला दीडशे रुपये धरले तर २१,००० होतात. दोघांचा महिना त्यात निघतो. चर्चच्या फरशीसाठी ठेवलेली ठेव मोडायचीही गरज नाही. फरशी करा, आई गेल्या पावसाळ्यात त्या फरशीवर घसरली ते मी विसरलेले नाही.

आता एक अवघड गोष्ट. फोनवर आई म्हणाली, "तुझ्या भावानं असा अर्ज दिला असता तर बाबांनी फाडून टाकला असता." मी हसले, पण नंतर झोप लागली नाही. कारण मीसुद्धा फाडला असता, आई. लहान्या आजारी पडला की मी इथून तीन फोन करते. मावशींचं पोर जाताना मला कलमं आठवतात, मंडळ्या आठवतात, इतिहास आठवतो. आपलं पोर म्हटलं की फक्त त्याची खोकल्याची बाटली आठवते. म्हणून मावशींशी तू बोल. बाबांनी नको, ते व्याख्यान देतील. तू जा, त्यांच्या ओट्यावर बस. नोव्हेंबरपासून त्या तुझ्याशी नीट बोलत नाहीत असं तूच म्हणालीस.

बाबा, मार्चच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर तो अर्ज घ्या एवढंच मागते. तुम्हाला विरोधात हात वर करायचा असेल तर करा. पण मतदान होऊ द्या, आणि त्या दोघांना आधी बोलू द्या. गेल्या वेळी त्यांना व्हरांड्यात बसवलं होतं म्हणे.

पगारातून माझे दीडशे आणि लहान्याचे दीडशे (तो नंतर देईल, मी वसूल करते) याच महिन्यापासून तुमच्या खात्यात टाकते. ठराव नाही झाला तरी परत पाठवू नका, वेगळे ठेवा.

बाकी ठीक. थंडी बरीच आहे, ढग खिडकीतून घरात येतात, कपडे वाळत नाहीत. आईच्या गुडघ्यांसाठी इथल्या आल्याची पूड पाठवते आहे. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्या.

तुमची,
ताई

ता. क. आई, मावशींच्या सुनेकडे थंडीचं काही आहे का, विचार. माझा जुना निळा कोट कपाटात खालच्या खणात आहे, बटण एक तुटलंय, ते लाव. सभा काहीही ठरवो, तो तिला देऊन टाक.