छत कोणाचं, पाटे कोणाचे?

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवण्यांमधून कॅरॅव्हॅनचे, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांचे, फोटो झळकू लागतात. मागे समुद्र, पुढे घडीच्या खुर्च्या, हातात चहाचा कप. त्या फोटोंत पाऊस कधी नसतो. आमची गाडी पहिल्याच पावसात गळली. त्यानंतर आमची जी टोलवाटोलवी झाली, ती अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी वाचावी, म्हणून हे पत्र.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालो. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, बॉडी चढवणं हेच आयुष्यभराचं काम. मुलाने आणि मी मिळून व्हॅन घेतली. डीलरचं बिल तेरा लाखांचं, आणि आतलं घर, म्हणजे बर्थ, ओटा, पाण्याची टाकी, जादा बॅटरी, छतावरचा एसी, हे बांधून देणाऱ्या परराज्यातल्या बॉडीबिल्डरचं आठ लाखांचं. तयार गाडीच दारात आली. आतून प्लाय आणि रेक्झिन मारलं की खालचं काम ब्रह्मदेवालाही दिसत नाही.

बर्थवर पाणी ठिबकायला लागलं तेव्हा मी छताचं अस्तर उचकटलं. एसीसाठी भोक पाडताना छताची आडवी कमान सरळ कापून टाकली होती आणि कडेला फ्लॅंज न घालता नुसतं सिलिकॉन थापलं होतं. गाडी खड्ड्यातून गेली की पत्रा हलणार आणि सिलिकॉन सुटणार, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही सांगावं लागत नसे. वायरिंग पाण्याच्या पाइपला चिकटवून नेलेलं, पत्र्यातून जाते तिथे वायर कापू नये म्हणून घालायचं रबरी ग्रॉमेटसुद्धा नाही. शिवाय दीडशे लिटरची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसवलेली. टाकी भरून वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवली. आत माणूस नसताना मागचा अ‍ॅक्सल कंपनीच्या प्लेटवरच्या वजनापेक्षा जड भरला. पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सपाट झाले होते ते उगाच नाही.

डीलर म्हणाला, "काका, छत आम्ही कापलेलं नाही. आणि गाडीला बाहेर हात लागलाय, आता पाट्यांचीही वॉरंटी गेली." बॉडीवाला म्हणाला, "पाटे कंपनीचे, त्यांना विचारा. गळती म्हणाल तर सिलिकॉन दर वर्षी मारायचं असतं." दोघांनीही कानांवर हात ठेवले. गाडी मात्र एकच, आणि ती आमच्या नावावर.

खरं म्हणजे कायद्यात दोघांनाही पळवाट नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाची जी व्याख्या आहे, तीत वस्तू बनवणारा येतो, तिचा भाग बनवणारा येतो आणि दुसऱ्याने बनवलेले भाग जोडणाराही येतो. म्हणून तक्रारीत डीलर, कंपनी आणि बॉडीबिल्डर तिघांनाही सामनेवाले करावं. कोणाचा वाटा किती, हे ग्राहक आयोग ठरवेल. ते शोधून आणणं हे ग्राहकाचं काम नाही. दुसरी सोय म्हणजे तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि वीस ते पन्नास लाखांच्या टप्प्याला फी फक्त हजार रुपये. वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. सामनेवाल्याला उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदत वाढवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. निकाल मात्र तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत व्हावा, असं कायदा म्हणतो. ते किती खरं होतं, हे ज्याची तारीख पडलीय त्याला विचारा.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. दोष होता हे ग्राहकालाच दाखवावं लागतं, आणि नुसते गळतीचे फोटो पुरत नाहीत. तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा, गरज पडल्यास आयोगाकडे तपासणीची मागणी करावी. म्हणून वर्कशॉपमध्ये गाडी टाकाल तेव्हा जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. तिथला पोरगा 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होतो आणि पुढे तोच कागद आपल्यावर उलटतो. वजनकाट्याची पावतीही जपा. सगळी गाडीच बदलून मिळेल, ही आशा मात्र बेताने धरा. एका मोटारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, वॉरंटी सदोष भाग बदलण्यापुरती आहे, असं म्हणून गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. तक्रारीची मुदत दोन वर्षं. "बघतो, करतो, माणूस पाठवतो" यात ती सहज निघून जाते.

अमेरिकेत अशा गाड्यांसाठी 'लेमन लॉ', म्हणजे सदोष गाड्यांबाबतचे खास कायदे, आहेत, असं लोक ऐकवतात. कॅलिफोर्नियाच्या या कायद्यात मोटरहोमची चासी आणि गाडी चालवणारा भाग धरला आहे, राहायचा भाग वगळला आहे. म्हणजे छत आणि पाट्यांचं भांडण तिकडेही सुटलेलं नाही.

आता खरी मेख. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. ते वाचून कितीतरी जण गाडी घेतात आणि रिकामी असेल तेव्हा भाड्याने देऊ म्हणतात. पण व्यापारी हेतूने वस्तू घेणारा कायद्याने ग्राहक नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच सूट. माझ्यासारख्या पेन्शनराने गाडी दोन वेळा भाड्याने दिली की सामनेवाल्याचा वकील पहिला आक्षेप हाच घेणार. खरेदीचा मुख्य हेतू काय होता, हे आयोग पाहतो हे खरं, पण तो वाद घालण्यातच तारखा जातात. आम्ही गाडी भाड्याने दिलेली नाही, तरी आमच्या प्रकरणात "भाड्यासाठीच घेतली" असं उत्तर आलंच आहे. प्रकरण सुरू असल्याने नावं लिहीत नाही.

मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आपल्या बॉडीबिल्डरकडे त्याचं प्रमाणपत्र आहे का आणि आरसीवर कॅम्पर व्हॅन अशी नोंद होणार का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. आरसीवर एक आणि रस्त्यावर दुसरंच असेल तर अपघातानंतर विमा कंपनीलाही आयतं निमित्त मिळतं.

पर्यटन खात्याकडे माझी मागणी एकच. धोरणाखाली नोंदणीसाठी येणाऱ्या प्रत्येक कॅरॅव्हॅनसोबत, चासीपासून छतापर्यंत संपूर्ण गाडीची जबाबदारी घेणारी एकच लेखी वॉरंटी आणि भरलेल्या टाकीसह दोन्ही अ‍ॅक्सलच्या वजनाची पावती मागावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अर्जात दोन रकाने वाढवले तरी पुरे.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, पिंपरी