आई, पिशवी ठेवायची आहे

इंदूर, रविवार दुपार

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "आता काय करायचीय ती पिशवी? काढून टाक आणि मोकळी हो." मी "बघू" म्हणून विषय बदलला. बोलत राहिले असते तर रडू आलं असतं आणि तिकडे ग्वाल्हेरला तुम्ही दोघं रात्रभर जागला असतात. म्हणून लिहिते आहे.

गुरुवारी ऑपरेशन आहे. फक्त गाठी काढायच्या, गर्भपिशवी ठेवायची.

दिवाळीला आले नाही ते ऑफिसच्या कामामुळे नव्हतं. अंगावरून इतकं जात होतं की रात्रभराच्या गाडीची भीती वाटली. तुमच्याशी खोटं बोलले, ते अजून मनाला लागून आहे. तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ होतं, एक जिना चढला की धाप लागायची. सलाईनमधून लोह दिल्यावर आता १०.९ आहे.

बाबा, तुम्हाला सगळं नीट कळलं की धीर येतो, म्हणून सांगते. गाठी तीन आहेत. सगळ्यात मोठी ९ सेंटिमीटरची, पिशवीच्या भिंतीत. दुसरी लहान, पण आतल्या पोकळीत घुसलेली, जास्त रक्त जातं ते मुख्यतः तिच्यामुळे. तिसरी बाहेरच्या अंगाला आहे, तिचा काही त्रास नाही. या पिशवीच्याच स्नायूच्या गाठी. अशा गाठीत कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते, तरी काढल्यावर तपासणीला पाठवणारच आहेत. मोठी गाठ खोल असल्यामुळे डॉक्टरांनी दुर्बिणीऐवजी ओटीपोटावर आडवा छेद घ्यायचं ठरवलं आहे. रक्त कमी जावं म्हणून आधी पिशवीत रक्तवाहिन्या आकसवणारं औषध टोचतात, मग गाठ तिच्या आवरणातून सोलून काढतात आणि ती जागा थराथराने शिवतात. रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवायला सांगितल्या आहेत, त्याची सोय झाली. तुम्ही देतो म्हणालात, पण ६५ च्या पुढे घेत नाहीत.

लंडनमध्ये शंभर वर्षांपूर्वी व्हिक्टर बॉनी नावाचे सर्जन होते. त्यांच्या पत्नीची पिशवी गाठींपायी तरुणपणीच काढावी लागली होती. पुढे गाठी काढून पिशवी राखायच्या शस्त्रक्रियेचा त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. एका बाईच्या पिशवीतून त्यांनी २२५ गाठी काढल्या होत्या, बाबा! मला तीनच आहेत.

आई, आता तुझ्याशी. गाठी आटाव्यात म्हणून मला महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली. त्यांनी बीजकोशांचं काम तेवढ्यापुरतं थांबतं, पाळीही थांबते. जानेवारीत राजवाड्याजवळ भाजी घेत होते. सगळे स्वेटर घालून आणि माझ्या मानेवरून घामाच्या धारा, छातीतून वाफ उठल्यासारखी. भाजीची पिशवी तिथेच टेकवून मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला तू दिसलीस. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरात, कडाक्याच्या थंडीत शाल फेकून ओसरीवर बसलेली. आम्ही भावंडं हसायचो, "आईला थंडीत उकडतं!" तू बेचाळीसची होतीस. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले होते. बायकांना वर्षावर्षांनी जे हळूहळू येतं, ते तुझ्यावर एका दिवसात आलं आणि घरात कुणी तुला विचारलंही नाही. माझं तर औषध उतरलं की थांबेल. आई, मला माफ कर.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुझंही रक्त थांबत नव्हतं, आम्ही लहान होतो, डॉक्टर म्हणाले आणि तू हो म्हणालीस. मलाही आधी एका ठिकाणी हेच सांगितलं, वय अडतीस, कशाला ठेवायची. पाच मिनिटांत तारीखही द्यायला निघाले होते. मी उठून आले आणि दुसरीकडे दाखवलं.

मूल होईल या आशेवर ठेवते आहे असंही समजू नका. झालं तर आनंदच आहे. त्याआधी काही महिने थांबावं लागेल आणि बाळंतपण बहुधा सिझेरियननेच होईल. नाही झालं तरी ती माझ्या शरीरातली आहे आणि तिला काढावं असं काही झालेलं नाही.

लपवायचं नाही ठरवलंय, म्हणून हेही लिहिते. पाळी जायला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर नव्या गाठी होऊ शकतात. आणि रक्त आवरलंच नाही तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल, अशा कागदावर मी सही केली आहे. तसं क्वचितच होतं. झालं तर तुमचे जावई बाहेर येऊन सांगतील, तेव्हा "आधीच सांगत होते" असं कुणी म्हणू नका.

बुधवारी सकाळी पोचाल अशी तिकिटं काढली आहेत. स्टेशनवर हे घ्यायला येतील. येताना तुझी जुनी, धुऊन मऊ झालेली दोन सुती पातळं आण, टाक्यांवर नाडी-इलॅस्टिक सोसणार नाही. लाडू नंतर. खजराना गणपतीला मला चालता यायला लागलं की तिघं मिळून जाऊ.

दवाखान्यात रात्री एकालाच थांबू देतात. आई, तू थांबशील ना?

तुमची,
मनू