पलटण की शेतसनद? आधी जमिनीचा कागद बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुलसंमेलनांच्या पत्रिकांवर अलीकडे एक ओळ हमखास वाचायला मिळते: 'मूळ पुरुष कंपनी सरकारच्या पलटणीत सुभेदार, पराक्रमाबद्दल जमीन इनाम.' ओळ खोटीच असते असे नाही. पण बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात ती छापण्याआधी तपासावी, कारण इथे दोन वेगळ्या चाकऱ्यांची सर्रास गल्लत होते.

कंपनीचा शिपाई रोख पगारावर होता, महिना सात रुपये. निवृत्तीनंतर मिळायचे ते पेन्शन. जमीन मिळाली तर ती एखाद्या मोठ्या हुद्देदाराला, तीही क्वचित. चाकरीबद्दल जमीन ही त्याआधीची, पेशवाईतली आणि कित्तूरकरांची रीत. गावचा शेतसनदी जमीन कसायचा आणि बोलावणे आले की हत्यार घेऊन हजर व्हायचा. नंदगडला 1831 मध्ये ज्यांना फाशी दिले ते संगोळी रायण्णा शेतसनदीच होते, म्हणजे कंपनीच्या विरुद्ध बाजूचे. पुढे इंग्रजांनी हेच शेतसनदी गावच्या बंदोबस्ताला आणि वसुलीला वापरले, म्हणून घराण्याच्या आठवणीत ते 'सरकारी शिपाई' होऊन बसले.

तेव्हा सुरुवात तलवारीपासून नको, उताऱ्यापासून करा. आजच्या पहाणीवरून, म्हणजे जमिनीच्या चालू उताऱ्यावरून, मागे जात फेरफार नोंदी काढा. 1903 च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी तहसील कचेरीत सापडतात. त्यामागे सर्व्हेचा आकारबंद, म्हणजे जमिनीचे क्षेत्र आणि सारा यांची नोंद. शेतसनदी किंवा इतर गावचाकरीची जमीन असेल तर 1961 च्या ग्रामअधिकार निर्मूलन कायद्याखाली ती फेरमंजूर झाल्याचा हुकूम असतो आणि त्यात वतनाचा प्रकार लिहिलेला असतो. तो एक कागद हाती आला की निम्मा वाद मिटतो.

हुद्द्याच्या नावांनीही फसायला होते. मराठेशाहीत सुभेदार म्हणजे सुभ्याचा अंमलदार, पलटणीतला सुभेदार म्हणजे पलटणीतल्या एका तुकडीचा (इंग्रजीत 'कंपनी') देशी अधिकारी. गडाचा हवालदार निराळा, पलटणीतला हवालदार निराळा. नाईक तर पलटणीतला हुद्दाही आहे आणि आडनावही. कागद 1818 च्या आधीचा की नंतरचा, हे ठरल्याशिवाय हुद्द्याचा अर्थ लावू नये.

आणि तिथेच मोडी येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नसतात. पण खरी ठेच तारखेला लागते. मराठेशाहीच्या कागदांतला शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, लहान आकडा आधी. 'तिसा अशर मयातैन व अलफ' म्हणजे 9 अधिक 10 अधिक 200 अधिक 1000, एकूण 1219. त्यात 599 मिळवा: जून 1818 पासूनचे साल. मृगाला साल बदलते, म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला 600 मिळवायचे. 'तिसा' म्हणजे नऊ, 'तिसैन' म्हणजे नव्वद. घाईने लिहिलेल्या मोडीत हे दोन शब्द सारखे दिसतात आणि मूळ पुरुष एका फटक्यात 81 वर्षे मागेपुढे जातो. असाच घोळ 'सबा' आणि 'सबैन' यांचा, म्हणजे सात आणि सत्तरचा. फसली (महसुली) साल असेल तर 590 किंवा 591 मिळवा, शक असेल तर 78 किंवा 79. ताळा करायला पिढ्या मोजा: 1818 पासून आजवर सात-आठ पिढ्या व्हायला हव्यात. वंशावळीत पाचच असतील तर मधली दोन माणसे गळाली आहेत, बहुधा आजोबा-नातवाचे नाव एकच असल्यामुळे.

माणूस खरोखर पलटणीतला असेल तर पलटणीचा नंबर शोधा. 1903 मध्ये मुंबईच्या पलटणींच्या जुन्या नंबरांत शंभर मिळवले गेले, पाचवीची 105 झाली. 1922 मध्ये पुन्हा मांडणी होऊन तीच 'दोन-पाच', म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. म्हणजे डिस्चार्जच्या कागदावर मराठा पलटणींपैकी 103, 105, 110, 114, 116 किंवा 117 असेल तर तो 1903 ते 1922 मधला. मराठा सेंटर, म्हणजे मराठा रेजिमेंटचे केंद्र, बेळगावात आले 1922 मध्ये. त्याआधीचा पणजोबा 'बेळगावच्या मराठा पलटणीत' होता हे म्हणणे जपून करावे. 10 एप्रिल 1818 ला बेळगावचा किल्ला घेणाऱ्या कंपनीच्या मन्रोची फौज मद्रासची होती, तेव्हा कॅम्पातल्या काही जुन्या घरांचा माग मुंबईकडे न लागता चेन्नईकडे लागेल.

पलटणीच्या यादीत शिपायाचे नाव आणि बहुधा बापाचे नाव, आडनाव नाहीच. तेही इंग्रज कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिलेले. नावाच्या शेवटी 'नाक' असेल, जसे कोरेगावच्या स्तंभावर आहे, तर ते घर महार समाजाचे. या घरांच्या चाकरीत 1890 च्या दशकात खंड पडतो, कारण भरतीच बंद केली गेली. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, ती 1921 मध्ये मोडली. मग थेट 1941, आणि महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावातच. मधल्या काळात कागद सापडत नाही म्हणून परंपरा खोटी ठरवू नका.

शोध बेंगळुरूत सुरू करण्याची चूक पुष्कळ जण करतात. 1956 पर्यंत आपण मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होतो. इनाम जमिनींची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, लष्करी खात्याची जुनी दप्तरे मुंबईत. बेळगाव जिल्हा धारवाडपासून 1836 मध्ये वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे कागद धारवाडच्या नावाखाली मागा. शहापूर सांगली संस्थानात होते, रायबाग कोल्हापुरात. तिथल्या घरांनी इंग्रजी दप्तर चाळण्यात दिवस घालवू नयेत.

राहिला हेळवी, म्हणजे घराण्यांच्या पिढ्यांची वही ठेवणारा. सुगीनंतर दारात येऊन तो पिढ्या वाचतो. त्याच्या वहीतली नावे आणि मूळ गाव सहसा पक्के असतात, पराक्रम मात्र पायलीभर जोंधळ्यावर वाढतो. सुनांची आणि लेकींची नावे त्याच्याकडे नसतात, ती पंढरपूर किंवा नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत बघावीत.

शेवटी एक कळकळीची विनंती. जुने मोडी कागद लॅमिनेट करू नका आणि फाटक्या जागी सेलोटेप लावू नका. चिकटपट्टीखालची अक्षरे काही वर्षांत पिवळी पडून जातात. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, पाठीवरचा शेरासुद्धा. तारीख आणि दप्तर नंबर बहुतेकदा पाठीवरच असतो.

आपला,
एक मोडीवाचक, बेळगाव